लोगोवाला क्यूआर चालंना, मधीच बंद पडायलाय, नाहीतर गिऱ्हाइकाची माहिती भलतीकडं जायलीय? असं एकेक तपासा

लातूरात डीटीपी आणि छपाईचं काम करतो. दुकानदार, क्लासवाले, हुरडा पार्टीवाले, हळद-मसाल्याचे घरगुती ब्रँडवाले, सगळ्यांची तक्रार फिरून फिरून एकच असते, की भाऊ तो क्यूआर चालंना. चालंना म्हणजे नेमकं काय होतंय असं विचारलं की मात्र प्रत्येकाचं वेगळंच निघतं. कुणाचा कोड स्कॅनच होत नाही, कुणाचा होतो पण भलतंच पान उघडतं, आणि कुणाचा एकदम झकास चालतो पण त्याच्या मागून गिऱ्हाइकांचे नंबर गळायलेत हे त्याला माहीतच नसतं. म्हणून आधी लक्षणं बगा, आपलं कोणतं ते ओळखा आणि मगच पुढं जा. कोड नवा करून परत छापायची घाई करू नका, निम्म्या वेळा एक रुपया न खर्चता काम होतं.

लक्षणं

पहिलं, कोड स्कॅन होतो पण तुमच्या पानाऐवजी कुठल्यातरी वेबसाइटचं "हा कोड सध्या बंद आहे" किंवा "प्लॅन संपला आहे" असं पान येतं. किंवा आधी चार-पाच सेकंद जाहिरात दिसते आणि मग तुमचं पान येतं.

दुसरं, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर धरला की लगेच स्कॅन होतो, पण छापलेल्या कागदावर किंवा फ्लेक्सवर होत नाही. नाहीतर महागाच्या फोनवर होतो, साध्या फोनवर होत नाही.

तिसरं, उघडतो पण "परवानगी मागा" असं येतं, किंवा जीमेलचं लॉगिन मागतो.

चौथं, लोकं म्हणायलेत की तुमचा कोड स्कॅन केल्यापासून जाहिरातीचे फोन यायलेत, किंवा उघडताना लोकेशन मागतो, ॲप टाका म्हणतो.

पाचवं, कुणीतरी सांगतं की तुमच्या फॉर्ममधी मला दुसऱ्यांची नावं आणि नंबर दिसायलेत. असं असंल तर बाकी सगळं सोडा आणि तिसरी तपासणी आत्ता लगेच करा.

सहावं, पैशाचा कोड आहे आणि पैसे तुमच्या खात्यावर येत नाहीत. मग मधलं काहीच वाचू नका, सरळ शेवटी "इथं थांबा" लिहिलंय तिथं जा.

१. स्कॅन करा, पण उघडू नका

फोनचा कॅमेरा धरला की लिंक खाली दिसते, तिच्यावर बोट न ठेवता ती नीट वाचा. एचटीटीपीएस आणि त्याला चिकटलेल्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढं, आणि त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे लिहिलंय तो पत्ता तुमचा आहे का? तुमची वेबसाइट, तुमचा व्हॉट्सॲप नंबर, गूगल फॉर्म, यातलं काही ओळखीचं आहे का, की कुठलंतरी तीन-चार अक्षरांचं अनोळखी नाव आणि पुढं काहीतरी गिचमिड आहे? मग फोनचा इंटरनेट बंद करून परत स्कॅन करा. बहुतेक फोनमधी लिंक तरीपण दिसते, कारण ती त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीतच लिहिलेली असते, इंटरनेटवरून येत नाही.

ही तपासणी पहिली कामून? क्यूआर म्हणजे फक्त चौकोनात लिहिलेला मजकूर आहे, बाकी काही नाही. जपानमधी डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमनं १९९४ ला हा कोड काढला, तो मोटारीच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. पेटंट असूनही कंपनीनं ते कुणावर लादलं नाही, म्हणून आज आपण सगळे फुकट वापरायलोय. त्या मजकुराला मुदत नसते. कोड स्वतः कधीच एक्स्पायर होत नाही, त्याला महिन्याचं भाडं लागत नाही, त्याला स्कॅनची मर्यादा नसते. तुम्हाला कुणी सांगत असंल की कोडची मुदत संपली, तर मुदत संपलीय ती मधल्या कुणाच्यातरी लिंकची. लिंक वाचल्याशिवाय हे कळत नाही, आणि हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंधारात होतं.

२. तीच लिंक इन्कॉग्निटोमधी उघडा

लिंक तुमचीच निघाली का? मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत टाका, म्हणजे तुमचं लॉगिन नसलेल्या माणसाला काय दिसतं ते कळतं. मालकाच्या फोनवर सगळं उघडतं, कारण तिथं त्याचंच खातं चालू असतं, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून "परवानगी मागा" बघत बसतं.

इथं दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे गूगल फॉर्मची चुकीची लिंक कोडमधी टाकलेली असते. लिंकच्या शेवटी "एडिट" लिहिलेलं असंल तर ती तुमची फॉर्म बदलायची लिंक आहे, लोकांना द्यायची लिंक "व्ह्यूफॉर्म"वर संपते किंवा फॉर्मच्या "पाठवा" बटणातून मिळते. दुसरी म्हणजे मेन्यूकार्ड किंवा रेटकार्डची पीडीएफ ड्राइव्हवर ठेवलेली असते आणि तिची परवानगी फक्त मालकापुरती असते. अशा वेळी पूर्ण फोल्डर खुलं करून मोकळं व्हायचं नाही, त्या एकाच फाइलला "लिंक असणाऱ्या कुणालाही, फक्त बघण्यासाठी" द्यायचं. फोल्डर खुलं केलं की मेन्यूच्या शेजारी ठेवलेली उधारीची यादी आणि कामगारांची कागदपत्रंपण खुली होतात, आणि असं झालेलं आम्ही बघितलंय.

कोड तसाच राहतो, परवानगी बदलली की त्याच क्षणी चालू होतो.

३. फॉर्म आणि त्याच्या मागचं शीट

ही तपासणीसुद्धा फुकट आहे, पण सगळ्यात महत्त्वाची आहे, त्यामुळं इथं जरा थांबून वाचा.

आपल्याकडं क्लासेसचा सीझन सुरू झाला की पत्रकांचा पाऊस पडतो, प्रत्येकावर लोगोवाला कोड, स्कॅन करा आणि चौकशी फॉर्म भरा. फॉर्ममधी काय असतं? मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, वडलांचा नंबर, आईचा नंबर, घरचा पत्ता, जात प्रवर्ग, आणि काहीजण तर आधार नंबरसुद्धा मागतात. चौकशीला! अहो, चौकशीला फोन करायला एक नाव आणि एक नंबर पुरतो. बाकीचं प्रवेश घेताना समोरासमोर घ्या ना. जी माहिती तुम्ही घेतलीच नाही ती फुटूच शकत नाही, इतका साधा हिशोब आहे हा.

आता तपासायचं काय. फॉर्मच्या सेटिंगमधी "निकालाचा सारांश दाखवा" असा एक पर्याय असतो, तो चालू असंल तर फॉर्म भरणाऱ्याला बाकीच्यांची उत्तरं दिसू शकतात, म्हणजे नावं आणि नंबर सगळं. पाचवं लक्षण बहुतेक वेळा इथंच सापडतं. तो लगेच बंद करा. मग उत्तरांचं शीट उघडा आणि शेअरचं बटण दाबून बगा, "लिंक असणाऱ्या कुणालाही" असं असंल तर "मर्यादित" करा आणि ज्यांना खरंच लागतं त्यांचेच ईमेल टाका. मागच्या वर्षी काम सोडून गेलेल्या पोराचा ईमेल अजून त्यात आहे का तेपण बगा. हे शीट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतं, "सर हे आजचे लीड" म्हणून, आणि जाहिरातीचे फोन यायलेत ही तक्रार निम्म्या वेळा तिथूनच सुरू होते. नुसतं स्कॅन केल्यानं कुणाला फोन नंबर कळत नाही, नंबर कळतो तो फॉर्म भरल्यावर. म्हणून चौथ्या लक्षणातल्या फोनची तक्रार आली की कोडच्या आधी शीट कुणाकुणाकडं आहे ते शोधा.

लोकेशन मागत असंल तर तो कोडचा दोष नसतो, ते पान मागतं. पानाला लोकेशनची गरज नसंल तर ज्यानं पान बनवलंय त्याला ते काढायला लावा. तसंच वेबसाइटवर जाहिरात कंपनीचा पिक्सेल, म्हणजे पान कुणी उघडलं ते टिपणारा छोटा प्रोग्राम, बसवलेला असतो, कोड कितीही चांगला केला तरी पान उघडलं की माहिती तिकडं जाते. वापरत नसाल तर काढून टाका.

आणि हा आता निव्वळ चांगुलपणाचा विषय राहिलेला नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधी आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. माहिती कशासाठी घेताय ते सांगायचं, संमती घ्यायची, काम झालं की काढून टाकायची, असा त्याचा गाभा आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते, आणि लातूरच्या क्लासेसमधी बहुतेक पोरं त्याच वयाची आहेत. माहिती सांभाळायची नीट व्यवस्था नसंल तर दंडाची वरची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. फॉर्मच्या वरती दोन ओळी लिहा, "हा नंबर फक्त प्रवेशाच्या चौकशीसाठी वापरू, सीझन संपल्यावर काढून टाकू", आणि सीझन संपल्यावर खरंच काढून टाका.

४. मधी कुणी बसलंय का

पहिल्या तपासणीत अनोळखी पत्ता निघाला असंल तर तुमचा कोड डायनॅमिक आहे. म्हणजे कोडमधी तुमची लिंक नाहीच, त्या वेबसाइटची छोटी लिंक आहे, ती आधी उघडते आणि तिथून गिऱ्हाईक तुमच्याकडं ढकललं जातं. फुकट लोगो टाकून देणाऱ्या बऱ्याच साइट गुपचूप डायनॅमिकच कोड देतात, सुरुवातीचे काही दिवस चालतो, मग पैसे मागतात. तोवर तुमची पाच हजार पत्रकं वाटून झालेली असतात. भाड्याच्या जागेवर स्वतःच्या नावाची पाटी लावावी तसं आहे हे, मालकानं कुलूप घातलं की पाटी बाहेर आणि दुकान आत.

पण बंद पडणं ही अर्धीच गोष्ट झाली. कोड चालू असतानापण ती मधली साइट प्रत्येक स्कॅन बघते. किती वाजता झाला, फोन कोणता, ब्राउझर कोणता, आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या फोनच्या जोडणीचा नंबर काय आणि त्यावरून अंदाजे गाव कोणतं. नाव-नंबर तिला कळत नाही हे खरं, पण तुमच्या गिऱ्हाइकानं तुमच्यावर विश्वास ठेवून स्कॅन केलं आणि त्याची नोंद तिसऱ्याच कुणाकडं झाली. डॉक्टरांच्या दवाखान्यातला किंवा वकिलाच्या ऑफिसातला कोड असंल तर तिथं कोण कधी आलं हीच मोठी खाजगी गोष्ट असते. साधा कोड, ज्याला स्टॅटिक म्हणतात, त्यात मधी कुणीच नसतं. कोड वाचला जातो फोनमधीच, आणि लिंक उघडली की सरळ तुमच्या पानाच्या सर्व्हरला कळतं, बस.

मोठ्या कंपनीची छोटी लिंक असली म्हणजे कायमची झाली असंपण समजू नका. गूगलनं स्वतःची लिंक छोटी करायची सेवा २०१८ ला नवीन लोकांसाठी बंद केली, आणि गूगलच्याच फायरबेस डायनॅमिक लिंक्स ऑगस्ट २०२५ मधी पूर्ण बंद झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीचं असं, तर फुकटवाल्या साइटचं काय घेऊन बसलात.

छापून झालंय आणि कोड डायनॅमिक निघाला, आता काय? त्या साइटवर तुमचं खातं असंल आणि बदल करता येत असंल तर सध्यापुरती लिंक सरळ करून घ्या, म्हणजे लोकं अडकणार नाहीत. खातंच नाही किंवा पैसे मागतायत, तर हिशोब मांडा, एका महिन्याचे पैसे भरणं स्वस्त की छापलेल्यावर नवीन स्टिकर चिकटवणं स्वस्त. हळदीच्या पाकिटांना बहुतेक वेळा स्टिकर परवडतो. पैसे भरलेच तर त्या महिन्यात नवा कोड करून घ्या, जुना माल संपू द्या आणि मग खातं बंद करताना त्यांच्याकडं जमा झालेला डेटा काढायला सांगा.

५. नवा कोड, आपल्याच कॉम्प्युटरवर

इंटरनेटवरच्या जनरेटरमधी काहीही टाइप केलं की ते त्यांच्या सर्व्हरवर जाऊ शकतं. लग्नपत्रिकेचा पत्ता, घरचे नंबर, वायफायचा पासवर्ड, सगळं. गरजच नाही त्याची. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधी "इन्सर्ट क्यूआर कोड" २०१४ च्या एक्स ७ पासून आहे, आपल्याकडं जवळपास प्रत्येक डीटीपीवाल्याकडं कोरल असतंच. कोरल नसंल तर इंकस्केप फुकट आहे, त्यात एक्स्टेंशन्स, रेंडर, बारकोड असं गेलं की क्यूआर मिळतो. लिबरऑफिसमधीपण ६.४ पासून क्यूआर आहे, आताच्या आवृत्तीत तो इन्सर्ट मेन्यूत ओएलई ऑब्जेक्टखाली मिळतो. तिन्ही इंटरनेट बंद करून चालतात.

लिंक टाकायच्या आधी तिचं शेपूट कापा. इन्स्टाग्राम, यूट्यूब, फेसबुकवरून "शेअर" दाबून घेतलेल्या लिंकमधी प्रश्नचिन्हाच्या पुढं आयजीएसएच, एसआय असलं काहीतरी लांबलचक असतं. ते शेअर कुठून झालं हे ओळखायला जोडलेलं असतं, पान उघडायला त्याची गरज नसते. यूट्यूबच्या काही लिंकमधी मात्र व्हिडिओचा नंबरच प्रश्नचिन्हाच्या पुढं असतो, तो काढायचा नाही. कापून झालं की एकदा उघडून बगा, उघडली म्हणजे झालं.

शेपूट कापल्याचा दुसरा फायदा लोगोवाल्या कोडला लई होतो. क्यूआरला दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात, एल, एम, क्यू, एच. कोडचा साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. लोगो टाकायचा म्हणजे मधला भाग आपण मुद्दाम खराब करायलोय, म्हणून एच पातळीच घ्यायची. पण एच घेतली की तेवढ्याच मजकुराला कोडमधल्या बारीक काळ्या-पांढऱ्या चौकटी जास्त लागतात. ३४ अक्षरांपर्यंतची लिंक एच पातळीवर ३३ बाय ३३ चौकटींत बसते. तीच लिंक शेपटासकट ११९ अक्षरांवर गेली की ५७ बाय ५७ लागतात. तीन सेंटीमीटरच्या कोडमधी पहिल्याची एक चौकट जवळपास ०.९ मिलिमीटरची होते आणि दुसऱ्याची ०.५ च्या आसपास, आणि साध्या फोनचा कॅमेरा संध्याकाळच्या उजेडात तिथंच हार मानतो.

आता लोगो केवढा? ३० टक्के दुरुस्ती आहे म्हणजे ३० टक्के लोगो टाका असं नाही, हा समज काढून टाका. त्या ३० टक्क्यांतून धूळ, घडी, तेलाचा डाग, लॅमिनेशनची चमक हे सगळं भागवायचं असतं. कोडच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढा लोगो ठेवा, क्षेत्रफळात तो जेमतेम चार टक्के होतो, लांबून ओळखूपण येतो. बरोबर मधी ठेवा आणि त्याच्या मागं पांढरी पट्टी ठेवा. तीन कोपऱ्यातले मोठे चौकोन मात्र अजिबात झाकायचे नाहीत, त्यावरून फोनला कळतं की इथं कोड आहे आणि कोणत्या बाजूनं वाचायचा, आणि ही दुरुस्ती त्यांना लागू होत नाही. या कोपऱ्यातल्या चौकोनांना डोळे म्हणतात, त्यांच्या जागी आंबा काढा, कमळ काढा अशी मागणी येते, तिला सरळ नाही म्हणा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, स्टॅटिक कोडमधलं नंतर काढता येत नाही. व्हिजिटिंग कार्डच्या कोडमधी घरचा पत्ता आणि वैयक्तिक नंबर टाकला तर तो कार्ड जिथं जाईल तिथं जातो. तुळजापूरसारख्या ठिकाणी लॉजवाले वायफायचा कोड लावतात, त्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, म्हणून तो पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कचाच असावा, ज्याच्यावर ऑफिसचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्ही आहे त्याचा नको.

६. कोड बरोबर, छपाई चुकली

दुसऱ्या लक्षणाचं उत्तर बहुतेक इथं असतं. फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफमधी द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला कोड दाबला जातो, कडा फाटतात, पाठवायचाच असंल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्सवाला जागेत बसवायला कोड आडवा ताणतो, त्याला आधीच सांगून ठेवा. कोडच्या चारी बाजूला चार चौकटींएवढी मोकळी पांढरी जागा लागते, तिथं फोन नंबर किंवा बॉर्डर घुसवायची नाही.

रंग गडद आणि मागं फिका, उलटा नाही. पांढऱ्यावर पिवळा किंवा सोनेरी कोड पत्रिकेवर सुंदर दिसतो पण फोनला दिसत नाही. ब्रँडचा मरून किंवा गर्द निळा चालतो. ऑफसेटला देताना काळा फक्त के शंभर, म्हणजे नुसत्या काळ्या शाईचा ठेवा, चार रंगांचा काळा दिला आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग बसणं, जरा हाललं की प्रत्येक चौकटीला रंगीत कडा येते आणि कोड गेला. ग्लॉसीऐवजी मॅट लॅमिनेशन घ्या. बाहेर उन्हात लागणार असंल तर काळाच घ्या, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लाल आणि पिवळा लई लवकर उडतो, कोड फिका पडतो आणि लोकं म्हणतात एक्स्पायर झाला.

आकाराचा अंदाज असा, जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याचा दहावा हिस्सा. काउंटरवर हातभर अंतराला तीन-चार सेंटीमीटर पुरतो, तीन मीटरवरून बघायच्या बॅनरला ३० सेंटीमीटर लागतो. औसा रोडवर पळत्या गाड्यांसाठी होर्डिंगवर कोड टाकू नका, मोठ्या अक्षरात नंबर टाका.

प्लेट काढायच्या आधी खऱ्या मापाचा एक प्रिंट काढा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, दिवे लागल्यावर तपासा. आणि कोडखाली लिंक बारीक अक्षरात छापा, म्हणजे स्कॅन केल्यावर दिसणारी लिंक तीच आहे का हे गिऱ्हाइकाला ताडून बघता येतं.

७. लिंक बदलायची सोय हवीच असंल तर

हुरड्याच्या बॅनरवर यंदाचं बुकिंग, पुढच्या वर्षी दुसरं, अशी गरज खरी असते. मग स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या आणि त्यावर एक छोटी वाट तयार करून घ्या, जी आज फॉर्मकडं आणि उद्या दुसरीकडं वळवता येईल. कोडमधी नाव तुमचंच राहतं, नोंदी तुमच्याच सर्व्हरवर राहतात, आणि त्यापण ठेवायच्या नसतील तर आयपी न साठवायची सेटिंग करून घेता येते. दरवर्षी डोमेनचे पैसे वेळेवर भरायला मात्र विसरायचं नाही, मुदत संपलेलं डोमेन दुसऱ्यानं घेतलं की तुमचे सगळे छापील कोड त्याचे झाले. हे सेटिंग एकदाच एखाद्या वेबसाइटवाल्याकडून करून घ्या, डोमेन मात्र स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावरच घ्या.

पैशाच्या कोडचं वेगळं

यूपीआयचा कोड सजवायला कुठल्याही साइटवर टाकू नका आणि डायनॅमिक लिंकमधी तर अजिबात घालू नका. बँकेनं किंवा ॲपनं दिलाय तसाच ठेवा, तुमचा लोगो आणि रंग त्या पांढऱ्या मोकळ्या जागेच्या बाहेर, भोवतीच्या फ्रेमवर घ्या. गिऱ्हाइकानं स्कॅन केलं की सरळ त्याचं पैशाचं ॲप उघडून तुमचं नाव दिसायला पाहिजे, मधी वेबसाइट उघडायची सवय लावली तर उद्या खोट्या वेबसाइटवरपण तो तसाच पैसे भरंल. कोडमधी यूपीआय आयडी उघडा असतो, म्हणून आयडीत मोबाइल नंबर असंल तर दुसरा आयडी घ्या, काउंटरवर बहीण किंवा बायको बसत असंल तर नक्कीच. मोंढ्यात, बाजारात कोड बाहेर लटकत असतो, रोज सकाळी दुकान उघडलं की स्वतः एकदा स्कॅन करून नाव बगा, वरून दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना ते हातानं चाचपून बगा. आणि पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, हे नोकराला पक्कं सांगून ठेवा.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जायलेत असं दिसलं की कोड काढा, त्याचा फोटो ठेवा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरपण तक्रार करता येते. स्टिकर फाडून फेकू नका, तो पुरावा आहे.

लोकांची नावं-नंबर खरंच बाहेर गेले असतील तर शेअरिंग बंद करा, पण शीट पुसू नका, कुणाकुणाची कोणती माहिती त्यात होती हे त्यातूनच कळंल. पुढं कुणाला काय कळवायचं ते या कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला विचारून करा. आधार किंवा मुलांची माहिती असंल तर त्याच दिवशी विचारा.

तुमची लिंक बरोबर आहे, कॉम्प्युटरवर नीट उघडते, पण मोबाइलवर लॉटरी किंवा जुगाराचं पान येतं, तर वेबसाइटमधी कुणीतरी शिरलंय. कोड परत परत करून काही होणार नाही, वेबसाइट बनवणाऱ्याला बोलवा आणि तो येईपर्यंत वेबसाइट बंद ठेवा. दवाखान्याचे किंवा लॅबचे रिपोर्ट क्यूआरवरून द्यायचे असतील तर सुरुवातच स्वतः करू नका, ते पूर्ण काम सॉफ्टवेअरवाल्याचं आहे. पाकिटांचा मोठा लॉट छापायचा असंल तर प्रेसकडून त्याच कागदावर, त्याच शाईत प्रूफ मागा आणि ते स्कॅन झाल्यावरच सही करा.

जाणकाराकडं जाताना कोडमधली लिंक लिहून न्या, मूळ फाइल न्या, कोणत्या साइटवर कुणाच्या ईमेलनं खातं काढलं होतं ते विचारून न्या, कारण ते बऱ्याचदा जुन्या डिझायनरच्या ईमेलवर निघतं. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका, समोर बसून स्वतः टाका आणि काम झालं की बदला.